डीएनए जैवसंवेदक

जिवाणूची ओळख त्याच्या जनुकीय क्रमावरून पटवून ती मोजता येण्याजोग्या विद्युत किंवा प्रकाशीय संकेतात उतरवणाऱ्या छोट्या उपकरणाला डीएनए जैवसंवेदक म्हणतात. जैवसंवेदकांचा आरंभ लेलँड क्लार्क यांनी १९६२ मध्ये मांडलेल्या ग्लुकोज मोजणाऱ्या विद्युदग्रापासून (इलेक्ट्रोडपासून) मानला जातो.

विद्युत प्रकारच्या संवेदकात सोन्याच्या चकतीवर डीएनएचे सुमारे वीस अक्षरांचे (म्हणजे ज्यांच्या क्रमाने डीएनए बनतो त्या घटकांचे) एकेरी धागे गंधकाच्या बंधाने उभे केलेले असतात. नमुन्यात त्यांचा पूरक धागा असेल तर तो येऊन जुळतो आणि दुहेरी पीळ तयार होतो. मिथिलीन ब्लू हा निळा रंग एकेरी धाग्यातील मोकळ्या ग्वानिनला, म्हणजे डीएनएच्या चार अक्षरांपैकी एकाला, चिकटतो. पीळ पडल्यावर ग्वानिन झाकले जाते, रंग कमी चिकटतो आणि विद्युतप्रवाह घटतो; ही घट म्हणजेच जुळणीची खूण. एखादे अक्षर चुकलेले असले तरी पीळ कमी तापमानालाच सुटतो. क्षयरोगात याचे मोल फार आहे, कारण रिफॅम्पिसिन या क्षयरोगावरील औषधाला दाद न देणाऱ्या बहुतेक जिवाणूंतील बदल आरपीओबी जनुकाच्या अवघ्या ८१ अक्षरांच्या पट्ट्यात सापडतात.

सोलापुरात यंत्रमागावर किंवा विड्या वळून रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबांना क्षयरोगाचे निदान लांबणे परवडत नाही. क्षयाचा जिवाणू सावकाश वाढतो, म्हणून थुंकीच्या कल्चरला, म्हणजे त्यातील जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून पाहायला, दोन ते आठ आठवडे लागतात. सूक्ष्मदर्शकाखाली तो दिसायला मिलिलिटरमागे साधारण पाच ते दहा हजार जिवाणू असावे लागतात. करमाळ्याहून शंभराहून अधिक किलोमीटर प्रवास करून आलेल्या माणसाला अहवालासाठी पुन्हा बोलावले की त्याचा आणखी एक रोज बुडतो, आणि मधल्या काळात घरातल्यांना लागण होत राहते. तपासणी रुग्णापाशीच व्हावी, असा आग्रह धरण्यामागे हे कारण आहे. गोव्यात तयार होणारे, बॅटरीवर चालणारे ट्रूनॅट हे तपासणी यंत्र याच गरजेतून आले. ते जनुकाच्या प्रती वाढवून चकाकीवरून निदान करते, म्हणून काटेकोर अर्थाने जैवसंवेदकाचा शेजारीच म्हणावे लागेल. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये त्याची शिफारस केली.

खरी अडचण संवेदकात नसून त्याआधीच्या कामात आहे. थुंकी चिकट असते, क्षयाच्या जिवाणूची भिंत मेणचट असते. ती फोडून डीएनए मोकळा व स्वच्छ करेपर्यंत चकतीला ओळखण्यासारखे काहीच मिळत नाही. डीएनए अत्यल्प असला तर प्रतीही वाढवाव्या लागतात. त्यासाठी साठ ते पासष्ट अंशांवर एकाच तापमानात चालणारी लॅम्प पद्धत सोयीची ठरते. मे महिन्यात पारा चाळीस अंशांपलीकडे जाणाऱ्या सोलापुरात या प्रती वाढवणारी विकरे (एन्झाइम) द्रवरूपात बाहेर ठेवणे धोक्याचे असल्याने ती गोठवून सुकवलेली असणे आवश्यक आहे.

पंढरपूरच्या आषाढी वारीत पूर्वी पटकीच्या (कॉलराच्या) साथी येत. पाण्यात पटकीचा जिवाणू सापडला, एवढ्यावरून साथीचा धोका ठरत नाही. विष बनवणारे सीटीएक्सए जनुक त्यात आहे का, हे पाहावे लागते, आणि डीएनए संवेदक नेमके तेच सांगू शकतो. मात्र मेलेल्या जिवाणूचा डीएनएही त्याला जुळतो. त्यामुळे क्षयरोगात औषधोपचार लागू पडतो आहे की नाही हे पाहण्यासाठी थुंकीची सूक्ष्मदर्शक तपासणी आणि कल्चर यांवरच विसंबावे लागते.