अमेरिकेच्या अध्यक्षीय वादचर्चेत तिसऱ्याला जागा का मिळत नाही

अमेरिकेत अध्यक्षपदाच्या निवडणुकीचा हंगाम आला की एक तक्रार हमखास पुढे येते: मतपत्रिकेवर चार-पाच नावे असताना दूरचित्रवाणीवरच्या वादचर्चेत दोघेच का दिसतात? या प्रश्नाचे उत्तर राज्यघटनेत सापडत नाही, कारण तीत वादचर्चेचाच काय, राजकीय पक्षांचाही उल्लेख नाही. ते शोधण्यासाठी गेल्या साठ-पासष्ट वर्षांत मंच कोणाच्या ताब्यात होता आणि प्रवेशाच्या अटी कोणी ठरवल्या, हे पाहावे लागते.

१९३४ च्या दळणवळण कायद्याच्या कलम ३१५ नुसार, एखाद्या प्रसारण केंद्राने एका उमेदवाराला वेळ दिला तर त्याच पदाच्या इतर सर्व उमेदवारांना तितकीच संधी देणे बंधनकारक होते. हा नियम समतेचा होता, पण त्याचा परिणाम उलटा झाला. डझनभर उमेदवारांना वेळ द्यावा लागेल या धास्तीने वाहिन्या कोणालाच समोरासमोर आणायला धजावत नसत. २६ सप्टेंबर १९६० रोजी शिकागोच्या स्टुडिओत केनेडी आणि निक्सन यांची पहिली चर्चा होऊ शकली, ती काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, त्या निवडणुकीपुरते हे कलम स्थगित केले म्हणून. पुढच्या तीन निवडणुकांत चर्चा झालीच नाही. १९७५ मध्ये संघीय दळणवळण आयोगाने पळवाट काढली: वाहिनीऐवजी बाहेरच्या संस्थेने भरवलेली चर्चा ही ‘बातमी’ मानली जाईल आणि तिला समान वेळेचा नियम लागणार नाही. इथून पुढे आमंत्रण कोणाला द्यायचे हा निर्णय आयोजकाच्या हाती गेला. पुढच्याच वर्षी युजीन मॅकार्थी या अपक्षाला वगळून फोर्ड आणि कार्टर यांची चर्चा झाली. मॅकार्थी न्यायालयात गेले आणि हरले.

तेव्हाची आयोजक होती लीग ऑफ विमेन व्होटर्स ही मतदारजागृतीचे काम करणारी, कोणत्याही पक्षाशी न बांधलेली महिलांची संघटना. १९८० मध्ये रिपब्लिकन पक्ष सोडून अपक्ष उभे राहिलेले जॉन अँडरसन जनमत चाचण्यांत बऱ्यापैकी वर होते, तेव्हा लीगने १५ टक्क्यांची अट घातली आणि ती पूर्ण केल्यामुळे त्यांना बोलावले. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी अँडरसन असतील तर येणार नाही, अशी भूमिका घेतली. त्यांच्या नावाची खुर्ची मंचावर रिकामी ठेवण्याचा विचार लीगने केला होता, पण तो सोडून दिला. २१ सप्टेंबरला बाल्टिमोरमध्ये रेगन आणि अँडरसन दोघेच बोलले. पुढे चाचण्यांतला आकडा घसरताच अँडरसन यांना वगळण्यात आले आणि मतदानाच्या आठवडाभर आधी, २८ ऑक्टोबरला, क्लीव्हलँडमध्ये कार्टर आणि रेगन समोरासमोर आले. अँडरसन यांना अखेर ६.६ टक्के मते पडली.

लीगने निदान बलाढ्यांना नाही म्हणण्याची हिंमत दाखवली होती, आणि मला वाटते तिची गच्छंती त्यामुळेच अटळ झाली. १९८७ मध्ये अध्यक्षीय चर्चा भरवण्यासाठी ‘कमिशन ऑन प्रेसिडेन्शियल डिबेट्स’ स्थापन झाले. त्याचे दोन सहअध्यक्ष म्हणजे रिपब्लिकन पक्षाचे तत्कालीन अध्यक्ष फ्रँक फॅरेनकॉफ आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे तत्कालीन अध्यक्ष पॉल कर्क. पुढच्या वर्षी बुश आणि डुकाकिस यांच्या प्रचारयंत्रणांनी बंद दाराआड केलेला १६ पानी करार लीगच्या हाती ठेवण्यात आला, तेव्हा ही मतदारांची फसवणूक आहे असे जाहीरपणे सांगून ती बाजूला झाली. ज्या दोन पक्षांविरुद्ध तिसऱ्याला उभे राहायचे, त्यांच्याच माणसांनी उभारलेल्या संस्थेकडे आमंत्रणाचा अधिकार जाणे हे मूळ दुखणे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

अपवाद घडला तो १९९२ मध्ये. टेक्सासचे उद्योगपती रॉस पेरो उन्हाळ्यात चाचण्यांमध्ये आघाडीवर होते, जुलैत त्यांनी माघार घेतली आणि १ ऑक्टोबरला ते परतले. तेव्हा त्यांचा पाठिंबा १५ टक्क्यांच्या बराच खाली होता. तरीही बुश आणि क्लिंटन या दोघांनाही ते हवे होते, म्हणून ११ ते १९ ऑक्टोबर या नऊ दिवसांतल्या तिन्ही चर्चांत ते उभे राहिले. निकालात त्यांना १८.९ टक्के मते मिळाली, पण राज्यांना वाटून दिलेल्या ज्या इलेक्टोरल मतांवर अध्यक्ष ठरतो, त्यांतले एकही नाही. चार वर्षांनी, आधीच्या मतांच्या जोरावर त्यांना सुमारे २ कोटी ९० लाख डॉलर सरकारी निधी मिळाला, पण जिंकण्याची वास्तववादी शक्यता नाही या कारणाने कमिशनने मंच नाकारला. जो उमेदवार करदात्यांच्या पैशाने प्रचार करण्याइतका गंभीर ठरतो, तो त्याच करदात्यांसमोर नव्वद मिनिटे उभा राहण्याइतका गंभीर ठरत नाही, हे तर्काला धरून नाही.

‘वास्तववादी शक्यता’ हा निकष किती डळमळीत आहे ते १९९८ मध्ये मिनेसोटात दिसले. गव्हर्नरपदाच्या चर्चांमध्ये जेसी व्हेंचुरा यांना सामील केले तेव्हा ते १० टक्क्यांच्या आसपास होते. ३७ टक्के मते घेऊन ते निवडून आले.

२००० मध्ये कमिशनने अट आकड्यात बांधली: पाच राष्ट्रीय चाचण्यांत सरासरी १५ टक्के आणि बहुमताइतकी, म्हणजे ५३८ पैकी २७० इलेक्टोरल मते शक्य होतील इतक्या राज्यांत मतपत्रिकेवर नाव. ३ ऑक्टोबरला बोस्टनला ग्रीन पक्षाचे राल्फ नेडर मंचावर नव्हे, शेजारच्या सभागृहात पडद्यावर चर्चा पाहण्याचे तिकीट घेऊन आले होते. पोलिसांना सोबत घेऊन त्यांना तिथूनही परत पाठवण्यात आले. त्या वर्षी फ्लोरिडाचा निकाल ५३७ मतांनी लागला आणि नेडर यांना तिथे ९७ हजारांहून अधिक मते पडली होती. तिसरा उमेदवार मते खातो, ही भीती त्यानंतर अधिक घट्ट झाली. ती निराधार नाही, पण तिचे मूळ राज्यात सर्वाधिक मते मिळवणाऱ्याला तिथली सगळी इलेक्टोरल मते देऊन टाकणाऱ्या पद्धतीत आहे, चर्चेत नाही. प्रत्येक नोंदणीकृत उमेदवाराला बोलावता येणार नाही हेही मान्य करावे लागते, अट हवीच. मात्र चाचणीत आकडा यायला लोकांना माणूस माहीत असावा लागतो, आणि माहीत होण्याची सर्वांत मोठी जागा हीच चर्चा असते. सरकारी निधीसाठी कायदा आधीच्या निवडणुकीतल्या ५ टक्के मतांवर समाधान मानतो, मग मंचासाठी तिप्पट अट का?

न्यायालयांनी मात्र आयोजकांना फारसा धक्का लावलेला नाही. २०१२ मध्ये ग्रीन पक्षाच्या जिल स्टाइन यांना चर्चेचे ठिकाण असलेल्या हॉफस्ट्रा विद्यापीठाबाहेर अटक झाली आणि त्यांना कित्येक तास खुर्चीला बेड्या घालून बसवण्यात आले. २०१६ मध्ये लिबर्टेरियन पक्षाचे गॅरी जॉन्सन १५ टक्क्यांपर्यंत पोहोचले नाहीत. निकषाविरुद्धचा दीर्घ खटला २०२० मध्ये अपिलातही फसला.

एप्रिल २०२२ मध्ये रिपब्लिकन पक्षाने कमिशनशी संबंध तोडले आणि २०२४ मध्ये बायडेन यांनीही त्याला वगळले. २७ जूनला अटलांटात सीएनएनने स्वतः चर्चा भरवली, पण १५ टक्के आणि २७० हे दोन्ही आकडे कायम ठेवले; फरक इतकाच की सरासरीऐवजी चार चाचण्यांत १५ टक्के लागणार होते. अपक्ष रॉबर्ट केनेडी धाकटे यांना त्यांपैकी तीनच जमल्या, पुरेशा राज्यांत नावही नव्हते, आणि मंचावर पुन्हा दोघेच उभे राहिले.