बायोप्रिंटिंग: आकार जमला, रक्तपुरवठा अडला

बायोप्रिंटिंगची, म्हणजे जिवंत पेशींच्या छपाईची, सुरुवात टेबलावरच्या साध्या प्रिंटरने झाली. १९८८ साली टेक्सासमध्ये रॉबर्ट क्लेबे यांनी इंकजेट प्रिंटरमध्ये शाईऐवजी फायब्रोनेक्टिन हे प्रथिन भरले. पेशी या प्रथिनाला चिकटतात, त्यामुळे जिथे नक्षी उमटली तिथेच त्या बसल्या. खुद्द पेशी नोझलमधून सोडायला मात्र २००३ साल उजाडले. क्लेमसन विद्यापीठातल्या थॉमस बोलंड यांनी इंकजेट प्रिंटरमध्ये फेरफार करून ते जमवले. इतक्या बारीक छिद्रातून बाहेर पडूनही पेशी जगतात, हेच तेव्हा नवल होते.

या इतिहासात शल्यचिकित्सक अँथनी अटाला यांच्या मूत्राशयांचे नाव हमखास निघते, आणि पुष्कळदा चुकीच्या अर्थाने. १९९९ पासून बोस्टनमध्ये त्यांनी सात तरुण रुग्णांवर, त्यांच्याच पेशी वाढवून केलेल्या मूत्राशयाचे रोपण केले. ते छापलेले नव्हते. सांगाडा हाताने घडवला होता, पेशीही त्यावर हातानेच पेरल्या होत्या. छापील कान, हाड आणि स्नायू त्यांच्या गटाने दाखवले ते २०१६ मध्ये, वेक फॉरेस्ट विद्यापीठात. त्या तुकड्यांत मुद्दाम बारीक नळ्या मोकळ्या ठेवल्या होत्या.

त्या नळ्यांतच सगळी मेख आहे. पेशी केशवाहिनीपासून, म्हणजे सर्वांत बारीक रक्तवाहिनीपासून, १०० ते २०० मायक्रॉनपेक्षा, म्हणजे वहीच्या एक-दोन कागदांच्या जाडीपेक्षा, लांब गेली की तिला प्राणवायू पुरत नाही. जाड तुकडा छापला तर तो आतून मरतो. २०१९ मध्ये तेल अवीव विद्यापीठात ताल द्वीर यांच्या गटाने मानवी पेशींतून सशाच्या हृदयाएवढे हृदय छापले आणि त्याची छायाचित्रे जगभर फिरली. त्यातल्या पेशी आकुंचन पावत होत्या, पण एकजुटीने रक्त ढकलणे त्यांना जमत नव्हते.

म्हणून पहिली मजल मारली ती रक्तवाहिन्या नसलेल्या ऊतींनी. कॉर्नियात, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यात, त्या नसतात. २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला कॉर्निया छापला गेला. २०२२ मध्ये हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने तिथल्याच आयआयटी आणि सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेसोबत मानवी कॉर्नियाच्या ऊतीपासूनच शाई बनवली आणि छापलेला कॉर्निया सशाच्या डोळ्यात बसवला. कूर्चेतही, म्हणजे कानानाकातल्या लवचीक ऊतीतही, रक्तवाहिन्या नसतात. त्याच वर्षी अमेरिकेत जन्मतः अपुरी वाढ झालेल्या कानाच्या जागी, त्या तरुणीच्याच कूर्चापेशींतून छापलेला कान बसवल्याचे जाहीर झाले.

छापलेल्या यकृताचे छोटे तुकडे औषधांची विषारीता तपासायला २०१४ पासूनच मिळू लागले होते. माझ्या मते येती काही वर्षे तरी खरा उपयोग तिथेच दिसेल. मूत्रपिंड आणि हृदय यांचा मामला वेगळा आहे. २०२३ मध्ये स्टॅनफर्डला अमेरिकी सरकारकडून २ कोटी ६३ लाख डॉलर मिळाले. काम ठरले आहे: रक्तवाहिन्यांसकट हृदय छापायचे आणि पाच वर्षांत ते जिवंत डुकराच्या शरीरात बसवायचे.