संगणकासमोरची बैठक

कॉम्प्युटरवर काम करताना पाठ, मान, खांदे, मनगट नि डोळे कसे ठेवायचे आणि त्यासाठी टेबल, खुर्ची, स्क्रीन कशी लावायची, या सगळ्याला मिळून सोप्या मराठीत बैठक म्हणता येतं. यामागच्या शास्त्राचं इंग्रजी नाव अर्गोनॉमिक्स. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात हा शब्द बहुतेक वेळा खुर्चीच्या दुकानातच ऐकू येतो, "अर्गोनॉमिक चेअर दाखवा की" म्हणजे जाळीच्या पाठीची, खाली चाकं असलेली फिरती खुर्ची. घरात मात्र पोराला "नीट बस, कुबड येईल" एवढंच सांगतात आणि शेजारची कन्नड काकी तेच "नेट्टग कुंद्र" म्हणून सांगते.

शब्दाच्या जन्माबद्दल दोन मतं आहेत. ग्रीक एर्गोन म्हणजे काम आणि नोमोस म्हणजे नियम, इथवर वाद नाही. पोलंडचे निसर्गअभ्यासक यास्त्शेंबोव्स्की यांनी १८५७ साली एका पोलिश नियतकालिकातल्या लेखमालेत हा शब्द वापरला, म्हणून काहीजण शास्त्राचं जनकपण त्यांना देतात. दुसरीकडे ब्रिटनमध्ये मरेल यांनी १९४९ च्या सुमारास हाच शब्द नव्यानं जुळवला, दुसऱ्या महायुद्धात यंत्र आणि माणूस यांचा मेळ बसवणारे डॉक्टर, इंजिनिअर, मानसशास्त्रज्ञ एकत्र आले होते त्यांच्या संघटनेसाठी नाव हवं होतं म्हणून. पोलिश लेख बाहेरच्या जगाला बराच उशिरा कळला, तेव्हा १८५७ ही शब्दाची तारीख आणि १९४९ ही शास्त्राची, असं धरणं जास्त बरोबर वाटतं. बसून काम करण्याच्या दुखण्याची नोंद त्याहून बरीच जुनी आहे. इटालियन वैद्य रामाझ्झिनी यांनी कामगारांच्या रोगांवरच्या ग्रंथात, १७१३ च्या वाढीव आवृत्तीत, कारकुनांना तीन गोष्टी छळतात असं लिहून ठेवलंय: सतत बसणं, हाताची एकच एक हालचाल आणि डोक्याला ताण. कीबोर्ड सोडला तर आजही यादी तीच.

आपल्याकडे काहीजण याचं मूळ थेट योगसूत्रातल्या "स्थिरसुखमासनम्" (स्थिर आणि सुखाचं ते आसन) पर्यंत नेतात, गीतेच्या सहाव्या अध्यायातलं "समं कायशिरोग्रीवं" पण सोबत येतं. मान, डोकं, धड एका रेषेत हे ऐकायला अगदी फिजिओथेरपिस्टच्या चार्टसारखं लागतं खरं, पण ती वचनं ध्यानाला बसणाऱ्यासाठी आहेत, त्यात न हलणं हाच गुण आहे आणि कॉम्प्युटरवाल्याचं दुखणं नेमकं न हलण्यातूनच येतं. सुख घ्यावं, स्थिर सोडावं.

चार्टवरचं ते प्रसिद्ध चित्र, म्हणजे गुडघा ९० अंश, कंबर ९० अंश, कोपर ९० अंश, त्याच्यावरही बरंच भांडण झालंय. डेन्मार्कचे सर्जन मांडाल यांच्या मते काटकोनात बसवायची ही कल्पना १८८४ मध्ये जर्मन डॉक्टर श्टाफेल यांनी मांडली आणि पुढं शाळेच्या बाकांपासून ऑफिसच्या खुर्चीपर्यंत न तपासता तशीच चालत आली. मांडाल यांचा मुद्दा असा की मांडी पोटाकडे ९० अंश वळते तेव्हा त्यातले जेमतेम ६० अंश खुब्यातून येतात, उरलेले कंबरेचा नैसर्गिक बाक सपाट होऊन भरले जातात, म्हणून बैठक पुढच्या बाजूला उतरती हवी. नॉर्वेत १९७९ मध्ये आलेली गुडघे टेकायची खुर्ची याच विचारातली. मग दोन मणक्यांमधल्या गादीवर, म्हणजे चकतीवर, दाब किती, हा प्रश्न. स्वीडनच्या नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात चकतीत सुई घालून मोजलं तर उभ्यापेक्षा बसल्यावर दाब बराच जास्त निघाला, आणि "बसणं वाईट" हे वाक्य तिथूनच पाठ झालं. १९९९ मध्ये जर्मनीत उल्मला विल्के यांच्या गटानं पुन्हा मोजलं तर उभं राहून साधारण ०.५ मेगापास्कल (हे दाबाचं माप), टेक न घेता बसून त्याहून थोडा कमीच आणि खुर्चीत ऐसपैस रेलल्यावर तर ०.३ च्या आसपास. विल्केंची मोजणी एकाच माणसाच्या पाठीतली होती, तेव्हा तीही डोक्यावर घेऊन नाचायला नको, पण मागं रेलून, कंबरेला आधार देऊन बसणं म्हणजे आळस ही समजूत आता टिकत नाही. अलीकडचा कल असा की कुठलीच एक बैठक योग्य नाही, अर्ध्या-पाऊण तासानं ती बदलणं योग्य.

उंचीचं गणित मात्र वादाचं नाही. आपल्याकडे सुतार टेबल करतो ते ३० इंची, म्हणजे सुमारे ७५ सेंमी. ५ फूट उंचीची बाई पाय जमिनीला टेकून बसली तर तिचं कोपर साधारण ६० ते ६२ सेंमीवर येतं, म्हणजे कीबोर्ड कोपराच्या वर वीतभर तरी नाही पण चार-पाच बोटांहून नक्कीच जास्त. मग खांदे दिवसभर उचललेले राहतात आणि संध्याकाळी मानेच्या बुडाशी ठणका लागतो. त्यावर उपाय म्हणजे खुर्ची वर घ्यायची आणि लोंबकळणाऱ्या पायाखाली काहीतरी द्यायचं. बेळगावात कोर्टकचेरीच्या आसपास झेरॉक्स-टायपिंगची दुकानं आहेत तिथं हे न शिकवता झालेलं बघायला मिळतं: खुर्चीवर घडी घातलेली चादर, पायाखाली घरातला जुना जेवायचा पाट आणि मॉनिटरखाली ए-फोर कागदाची दोन बंद रिमं. ५०० कागदांचं एक रिम साधारण ५ सेंमी जाड, तेव्हा दोन रिमांत स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेला येते. कागद संपत आले की मालक रिम काढतो आणि मान पुन्हा खाली. तिथली खरी चूक वेगळीच असते, मूळ अर्ज नाहीतर उतारा कीबोर्डच्या डाव्या हाताला आडवा ठेवतात आणि दिवसभर मान त्याच बाजूला वळवत राहतात. कपड्याच्या चिमट्यानं तो कागद स्क्रीनच्या बाजूला उभा लावला तरी पुष्कळ फरक पडतो.

सीमाभागात यात भाषेची एक भर पडते. एकाच माणसाला कन्नड, मराठी, इंग्रजी तिन्ही टाइप करावं लागतं. कन्नडसाठी नुडी हे सरकारी सॉफ्टवेअर, त्याचा लेआउट म्हणजे कळांची मांडणी के. पी. राव यांच्या पद्धतीचा, म्हणजे इंग्रजी अक्षराच्या उच्चारावर बसवलेला. मराठीला कुणी इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीचा सरकारी प्रमाण लेआउट वापरतं, कुणी जुन्या टाइपरायटरवरची बोटं सोडत नाही. इनस्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला आणि कन्नड-मराठी दोन्हीत क त्याच कळीवर, त्यामुळे एकदा शिकलं की दोन्ही लिप्या न बघता येतात. लेआउट बदलत राहिला तर माणूस कळा शोधायला वाकतो, दर ओळीला खाली-वर, आणि ही वाकण्याची सवय कितीही महागड्या खुर्चीनं जात नाही.

लॅपटॉपची तर रचनाच अडचणीची, स्क्रीन बरोबर आली की कीबोर्ड उंच आणि कीबोर्ड बरोबर आला की स्क्रीन खाली. २०२० नंतर पुणे-बेंगळूरहून गावी आलेली पोरं दिवाणावर मांडी घालून, उशीवर लॅपटॉप ठेवून काम करत होती. उपाय एकच, वेगळा कीबोर्ड-माउस घ्यायचा आणि लॅपटॉप डब्यावर चढवायचा. मांडी घालून बसणं वाईट नाही, पेढीवरचे दिवाणजी असेच बसत, पण त्यांच्यापुढं उतरत्या झाकणाचं बुटकं डेस्क असायचं आणि मागं लोड.

हाताला मुंग्या आल्या की लोक लगेच कीबोर्डला बोल लावतात. डेन्मार्कमधल्या २००३ च्या एका मोठ्या पाहणीत मनगटातली नस दबण्याचा कीबोर्डशी ठळक संबंध दिसला नाही, आठवड्याला २० तासांहून जास्त माउस धरणाऱ्यांत तक्रारी वाढलेल्या होत्या. अंगठा, तर्जनी, मधलं बोट रात्री बधिर होत असेल तर ती मनगटातली नस, करंगळी बधिर होत असेल तर बहुधा कोपराकडची, टेबलाच्या कडेवर कोपर रोवून बसणाऱ्यांना ही दुसरी जास्त. दोन्हीत बोटांची पकड कमी झाली, हातातून कप निसटायला लागला तर बाम चोळत बसू नये, डॉक्टर गाठावा.

डोळ्यांचं थोडक्यात: स्क्रीन हातभर लांब, खिडकी समोर किंवा पाठीमागं न येता बाजूला, आणि दर २० मिनिटांनी २० सेकंद २० फुटांपलीकडं बघायचं. स्क्रीनकडं बघताना पापण्या कमी मिटतात म्हणून डोळे कोरडे पडतात, त्यात टेबलफॅन थेट तोंडावर सोडला असेल तर आधी तो वळवायचा.