अनेक आयपी पत्ते असलेल्या मशीनवरचा रेडियस सर्व्हर

रेडियस हा लॉगिन तपासायचा प्रोटोकॉल. वायफाय, व्हीपीएन, स्विच, राउटर यांच्याकडे कुणी लॉगिन करायला आलं की ते स्वतः पासवर्ड तपासत नाहीत, रेडियस सर्व्हरला विचारतात. १९९१ मध्ये लिव्हिंगस्टन एंटरप्रायझेस कंपनीने डायलअपसाठी हा काढला, आज चालतो तो आरएफसी २८६५ (इंटरनेटचे नियम लिहिलेला दस्तऐवज, जून २०००) प्रमाणे. लॉगिनसाठी पोर्ट १८१२, अकाउंटिंगसाठी (कोण कधी, किती वेळ जोडलेलं होतं याची नोंद) १८१३, जुन्या डब्यांवर अजून १६४५ आणि १६४६ सापडतात. फुकटातला सगळ्यात जास्त वापरला जाणारा सर्व्हर म्हणजे फ्रीरेडियस.

एक मशीन एक आयपी असेल तर काही विशेष नाही. दुसरं नेटवर्क कार्ड घातलं किंवा त्याच कार्डावर आणखी एक पत्ता चढवला की गंमत सुरू होते, आणि ती होते कारण रेडियस मूळचा यूडीपीवर (आधी कनेक्शन न जुळवता सुटी पाकिटं पाठवायची पद्धत) चालतो. टीसीपीमध्ये कनेक्शन ज्या पत्त्यावर जुळलं तिथूनच उत्तर जातं, यूडीपीला तशी आठवण नसते. सर्व्हर सगळ्या पत्त्यांवर मिळून एकच सॉकेट (पाकिटं घ्यायचं-पाठवायचं दार) उघडून बसला असेल (कॉन्फिगमध्ये आयपीअ‍ॅड्रच्या पुढे नुसता स्टार) तर उत्तर कुठल्या पत्त्यावरून पाठवायचं ते कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) राउटिंग टेबल (कुठलं पाकीट कुठल्या वाटेने जाईल याची यादी) बघून ठरवतो.

समजा मशीनचे पत्ते १०.१.१.५ आणि १९२.१६८.५०.५, डीफॉल्ट गेटवे (बाहेरच्या नेटवर्ककडे जायची नेहमीची वाट) पहिल्या कार्डाकडे. लांबच्या शाखेतला १७२.१६.८.२ हा स्विच दुसऱ्या पत्त्याला विचारतो आणि त्याला उत्तर येतं पहिल्या पत्त्यावरून. स्विच म्हणतो मी याला विचारलंच नव्हतं, पाकीट फेकून देतो आणि टाइमआउट दाखवतो. इकडे डीबग मोडमध्ये सर्व्हर मस्तपैकी अ‍ॅक्सेस-अ‍ॅक्सेप्ट (लॉगिन मंजूर) पाठवल्याचं लिहीत असतो, म्हणून लोक दोन दोन दिवस शेअर्ड सीक्रेट (सर्व्हर आणि स्विच यांच्यातला सामायिक पासवर्ड) बदलत बसतात. सीक्रेटचा इथे काही संबंध नाही. उत्तरावरची एमडी५ सही बरोबरच असते, त्या हिशोबात आयपी पत्ता येतच नाही. त्यात स्विच दुसऱ्या कार्डाच्याच सबनेटमध्ये (नेटवर्कच्या त्याच तुकड्यात) असेल तर सगळं नीट चालतं, त्यामुळे टेबलावर टेस्ट पास आणि शाखेत फेल. रेडटेस्ट या टेस्ट कमांडने १२७.०.०.१ वर (मशीनचा स्वतःशीच बोलायचा पत्ता) मारलेली टेस्ट तर या बाबतीत काहीच सांगत नाही, खरं काय ते टीसीपीडंप या पाकिटं पकडून दाखवणाऱ्या साधनामध्येच दिसतं.

उपाय म्हणजे प्रत्येक पत्त्यासाठी वेगळा लिसन ब्लॉक (कॉन्फिगमधला कुठल्या पत्त्यावर ऐकायचं ते सांगणारा भाग), ऑथ (लॉगिन तपासणी) आणि अकाउंटिंग वेगवेगळे, म्हणजे दोन पत्त्यांना चार ब्लॉक, आणि लोकल टेस्ट हवी असेल तर १२७.०.०.१ चा अजून एक. यूडीपीफ्रॉमटू ही सोय धरून बिल्ड केलेला असेल तर स्टार ठेवूनही फ्रीरेडियस आलेल्या पत्त्यावरूनच उत्तर देतो, पण वेगळे ब्लॉक केले तर प्रत्येकाला वेगळा व्हर्च्युअल सर्व्हर (स्वतःचे वेगळे नियम) आणि वेगळी क्लायंट यादी (विचारणाऱ्या स्विच-राउटरांची) जोडता येते, म्हणून मला तेच बरं वाटतं. पत्ता बरोबर झाला तरी पाकीट चुकीच्या कार्डातून बाहेर पडू शकतं आणि मधला फायरवॉल ते अडवतो, तेव्हा आयपी रूल ही लिनक्सची कमांड वापरून त्या पत्त्यासाठी वेगळं राउटिंग टेबल लावावं लागतं.

दोन मशीनमध्ये फिरणारा व्हर्च्युअल आयपी असेल तर आणखी एक भानगड: स्टँडबाय (राखीव) मशीनवर तो पत्ता नसतो, तिथे बाइंड होत नाही (सर्व्हरला तो पत्ता धरता येत नाही) आणि सर्व्हर उठायलाच नकार देतो. लिनक्समध्ये आयपी नॉनलोकल बाइंड हे सेटिंग १ केलं की सुटतं.

उलट बाजूनेही असंच होतं. सर्व्हर सीक्रेट शोधतो तो पाकिटाच्या सोर्स पत्त्यावरून, आणि राउटरलाही पत्ते अनेक असतात. क्लायंट यादीत नसलेल्या पत्त्यावरून विचारणा आली तर लॉगमध्ये अननोन क्लायंट दिसतं आणि उत्तर जातच नाही. सिस्कोवर यासाठी रेडियस सोर्स-इंटरफेसची कमांड आहे, तिथे लूपबॅक (राउटरमधलाच आभासी इंटरफेस) देतात, कारण एखादी लिंक पडली तरी तो पत्ता बदलत नाही.