ग्राउट वाळत नाही? आधी मिठाची बरणी आठवा

आमच्या आत्याचं घर दाभोळच्या खाडीला अगदी लागून. जूनच्या पहिल्या आठवड्यात पडवीत आणि न्हाणीघरात नवीन लाद्या बसवल्या, पाऊस तोंडावर म्हणून आज लादी आणि उद्या ग्राउट (लाद्यांमधल्या फटी, म्हणजे जॉइंट, भरायचा माल) असं घाईत उरकलं, आणि गणपती आले तरी अर्धे जॉइंट फिकट राखाडी नि अर्धे काळपट ओले. मिस्त्री म्हणाले, "वाळेल वो काकी, उन्हं पडली की." आत्या मात्र रोज बोट लावून बघायची आणि तिचा जीव खालीवर व्हायचा, की एवढा खर्च करून काम कच्चं तर नाही ना राहिलं?

काम कच्चं नव्हतं. ग्राउट कडक होणं आणि ग्राउट वाळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण त्या एकच धरतो. साधं ग्राउट म्हणजे सिमेंट, बारीक रेती, रंग आणि थोडं पॉलिमर. सिमेंट पाणी उडून गेल्यामुळे कडक होत नाही, पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन होतं, आणि सिमेंटच्या वजनाच्या साधारण पाव भाग पाणी त्यात कायमचं बांधलं जातं. उलट आतली आर्द्रता 80 टक्क्यांच्या खाली गेली की ही क्रिया जवळजवळ थांबते. म्हणजे पावसाळ्यात हळू वाळलेलं ग्राउट बहुतेक वेळा मजबूतच असतं, आणि मे महिन्यात खिडकीजवळच्या वाऱ्यात तासाभरात वाळलेलं ग्राउट पुढे पावडरसारखं सुटतं! चावीच्या टोकाने खरवडून बघा. कडक लागलं तर काळजी नाही, मग प्रश्न फक्त ओलीचा.

आता ती ओल जाणार कुठून ते बघा. व्हिट्रिफाइड लादी पाणी जवळपास पीतच नाही (अर्धा टक्कासुद्धा नाही), त्यामुळे खालच्या मालातलं सगळं पाणी जॉइंटमधूनच वर येतं. दोन बाय दोनची लादी आणि 2 मिलिमीटरचा जॉइंट धरला तर 100 चौरस फूट जमिनीत जॉइंटची जागा जेमतेम पाऊण चौरस फूट भरते, आणि खाली दीड-दोन इंच ओला माल, त्याखाली भरावाची माती, बाजूला जांभ्याच्या चिऱ्याची भिंत जी भोकाभोकांनी पाणी धरून ठेवते. एवढ्याशा फटीतून सगळी ओल बाहेर पडणार, आणि बाहेर हवा आधीच भिजलेली. जिथे माल जाड किंवा भिंत जवळ तिथले जॉइंट मागे राहतात, म्हणून ते ठिपके ठिपके दिसतात.

पण आत्याकडचे काही जॉइंट दिवाळीत वाळले आणि पुढच्या जूनमध्ये परत काळे पडले. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि किनाऱ्यावर याच्याकडे कोणी फारसं बघत नाही. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, तेच इथे होतं. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं आणि आपल्याकडे जुलैत आर्द्रता दिवसचे दिवस त्याच्या वरच असते. मालात खाडीची रेती असेल किंवा विहीर मचूळ असेल तर मीठ आतच बसतं. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण 19 ग्रॅम क्लोराइड असतं, आणि लोखंड नसलेल्या काँक्रीटमध्ये कालवायच्या पाण्यासाठी सुद्धा आयएस 456 (काँक्रीटचं भारतीय मानक) ची मर्यादा लिटरला 2 ग्रॅम आहे, म्हणजे दहा बादल्यांत एक बादली खारं पाणी आलं तरी आपण काठावर. हे मीठ पंख्याने जात नाही. हिवाळ्यात गोड्या पाण्याने पुसून, पाणी टिपून घेऊन, वाळवून, असं बऱ्याचदा करावं लागतं.

कधी कधी ओल नसतेच, फक्त रंग बदललेला असतो, म्हणजे दुसऱ्यांदा कालवलेल्या ग्राउटमध्ये पाणी अंदाजाने ओतलं किंवा निथळत्या स्पंजने पुसताना रंग धुऊन गेला. ओळखायचं कसं, तर काळ्या जॉइंटवर हेअर ड्रायर पाच मिनिटं फिरवा, फिका झाला तर ओल, नाही झाला तर रंग. आणि प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून रात्रभर ठेवा, सकाळी आतून घाम आलेला दिसला तर पाणी खालून येतंय.

खालून येत असेल तर सीलर (जॉइंटवर लावायचा पाणी अडवणारा लेप) लावू नका प्लीज, ओल आत कोंडते. पांढरा लोणा (क्षारांची भुकटी) वर आला म्हणून ॲसिड पण ओतू नका, ते त्या भुकटीबरोबर सिमेंटही खातं, आधी कोरड्या ब्रशने झाडा. पंखा लावा, खिडकी पाऊस नसेल तेव्हा उघडा. आणि अजून ग्राउट भरायचं असेल तर जाड मालावरच्या लाद्यांचे जॉइंट आठवडाभर तरी मोकळे ठेवा, पाणी मापाने घाला आणि ते गोडं आहे ना हे आधी जिभेला लावून बघा. आत्याने यंदा न्हाणीघराचा कोपरा उकरून परत भरला तेव्हा नळाचं पाणी घेतलं, आणि जुलैत तेवढाच कोपरा एकसारखा राखाडी राहिला.