पंकच्या मुळाशी पॅरिसचे कलावंत होते?

‘सेक्स पिस्टल्स हा ब्रिटिश पंक बँड म्हणजे पॅरिसच्या सिच्युएशनिस्ट कलावंतांचाच प्रयोग,’ असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. पंक म्हणजे रॉक संगीताचा बंडखोर प्रकार; सिच्युएशनिस्ट म्हणजे कला आणि क्रांतिकारी राजकारण एकत्र आणणारी मंडळी. ते खरे नाही. १९५७ मध्ये स्थापन झालेली त्यांची संघटना १९७२ मध्येच विसर्जित झाली. बँड उभा राहिला १९७५ मध्ये. गायक जॉन लायडनने तर आत्मचरित्रात हा संबंध साफ झिडकारला आहे. त्याच्या गाण्यांच्या शब्दांतला संताप उत्तर लंडनच्या कामगारवस्तीतून आलेला, आयरिश घरातला.

मग प्रभाव नव्हताच का? होता, आणि माझ्या मते फार मोलाचा, पण चित्रांत. बँडच्या रेकॉर्डची मुखपृष्ठे करणारा जेमी रीड १९७० पासून लंडनच्या क्रॉयडन उपनगरात ‘सबर्बन प्रेस’ हे बंडखोर नियतकालिक चालवत होता. प्रस्थापितांचीच चित्रे उचलून त्यांच्यावर उलटवायची, ही सिच्युएशनिस्ट रीत त्याच्या हातात तिथेच मुरली. १९७७ मध्ये त्याने बँडच्या मुखपृष्ठासाठी ब्रिटनच्या राणीच्या छायाचित्रातले डोळे आणि ओठ कापलेल्या अक्षरांनी झाकून टाकले.