‘लेव्हो’ गोळ्यांची पार्श्वभूमी

मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटच्या घाऊक औषध बाजारात सेटिरिझिन आणि लेव्होसेटिरिझिन ही ॲलर्जीवरची दोन्ही औषधे मिळतात. पहिली गोळी साधारण १० मिलिग्रॅमची, दुसरी ५ ची. अकरावीला शृंखला, स्थान, क्रियात्मक गट असे समघटकतेचे (तेच अणू, वेगळी मांडणी) सगळे प्रकार पाठ करून घेतात. औषधांच्या भावात मात्र गाजतो तो मुख्यतः एकच, आरशातल्या जोडीचा: एकाच रेणूची दोन रूपे, डाव्या-उजव्या हातासारखी एकमेकांची प्रतिबिंबे. सेटिरिझिन हे अशा दोन्ही रूपांचे मिश्रण, लेव्होसेटिरिझिन त्यातले एकच.

१८४८ मध्ये टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे डावे-उजवे स्फटिक हाताने निवडून वेगळे केले गेले. १८७४ मध्ये चतुष्फलकीय कार्बनची, म्हणजे कार्बनचे चार बंध चार कोपऱ्यांकडे पसरलेले असतात ही, कल्पना मांडली गेली; रेणूंच्या डाव्या-उजव्या रूपांचा उलगडा तिने झाला. तरीही कारखान्यात बनवलेली, अशी दोन रूपे असणारी बहुतेक औषधे पुढे शंभर वर्षे दोन्ही रूपांचे मिश्रण म्हणूनच विकली गेली, कारण रूपे वेगळी करणे परवडत नसे. १९८० च्या दशकात त्यासाठीचे क्रोमॅटोग्राफीचे (मिश्रणातले घटक वेगळे करणारे) स्तंभ बाजारात आले आणि प्रश्न नियामकांच्या दारात गेला.

१९९२ मध्ये अमेरिकी औषध नियामकाने धोरण जाहीर केले. दोन्ही रूपे तपासा, मग एक विकायचे की मिश्रण, हे कंपनीने सकारण ठरवावे. मिश्रणावर बंदी आली नाही, आणि जुन्या मिश्रणातले एकच रूप नवे औषध म्हणून आणायलाही आडकाठी राहिली नाही. ही मोकळीक कोणाच्या पथ्यावर पडली? २००१ च्या सुमारास ओमेप्राझोल या आम्लपित्तावरच्या औषधाचे पेटंट संपत असतानाच त्यातले एकच रूप, एसोमेप्राझोल, आले. (इथे डावे-उजवेपण कार्बनवर नसून गंधकावर आहे, हे क्लासमध्ये क्वचितच सांगतात.) गाजलेल्या काही चाचण्यांत नव्याचा डोस ४० मिलिग्रॅम आणि जुन्याचा २०, मग नवे सरस ठरले यात नवल ते काय! लेव्होसेटिरिझिनचा हिशेब त्या मानाने सरळ आहे. सेटिरिझिनच्या १० मिलिग्रॅममध्ये काम करणारे ५ मिलिग्रॅम आधीपासून होतेच.

एकाच रूपाचा आग्रह धरणारे थॅलिडोमाइड या झोपेच्या आणि गरोदरपणातल्या मळमळीवरच्या औषधाचा दाखला देतात. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत विक्रीला आलेले आणि १९६१ मध्ये मागे घेतलेले हे औषध १०,००० हून अधिक बाळांच्या जन्मजात व्यंगांना कारणीभूत ठरल्याचे मानले जाते. दोष एकाच रूपाचा, असे १९७९ च्या प्राण्यांवरील प्रयोगांवरून सांगितले गेले. पण ही दोन्ही रूपे शरीरात एकमेकांत बदलतात. ‘चांगले’ रूप वेगळे काढून दिले असते, तरी पोटातल्या बाळापर्यंत दुसरे पोचलेच असते.

आयब्युप्रोफेन या वेदनाशामकात हाच बदल एका बाजूनेच होतो. निष्क्रिय रूपाचा बराच भाग शरीर स्वतःच सक्रिय रूपात बदलून घेते, त्यामुळे ते बहुतेक ठिकाणी अजून मिश्रण म्हणूनच विकले जाते.